तबकडीवरचं कुंकू

तेजस घरतच्या गाण्याच्या खोलीत सगळं होतं, फक्त तबकडी वाजवायचं यंत्र नव्हतं, आणि ते नाही याचं दुःख इतकी वर्षं घरात कुणालाही झालं नव्हतं. द्रोणागिरीच्या बाजूला, गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर बांधलेल्या घराचा सगळ्यात वरचा मजला त्यानं स्वतःसाठी अडवून ठेवला होता. धंदा कंटेनरच्या ट्रेलरांचा. दिवसभर हॉर्न आणि ड्रायव्हरांची भांडणं ऐकून कान किटले की गडी वर जायचा आणि दार लावून घ्यायचा. भिंतींना फोमच्या लाद्या, पायाखाली जाड गालिचा, समोर त्याच्या बायकोच्या उंचीचे दोन काळे स्पीकर, आणि मधोमध काचेच्या नळ्यांचा अँप्लिफायर. त्या नळ्या पहिल्यांदा पेटल्या तेव्हा त्याची आई गोजराबाई नकळत हात जोडून उभी राहिली होती. पुढे कित्येक दिवस भाविका, म्हणजे तेजसची बायको, त्यावरून सासूला चिडवायची.

गाणी मात्र सगळी मोबाइलमधून यायची. एवढ्या थाटाच्या खोलीत गाणं हाताला लागेल असं काहीच नाही, हे गोजराबाईंना चमत्कारिक वाटायचं. त्यांच्या मते गाणं म्हणजे एक काळी, छोटी तबकडी. ती खाली देव्हाऱ्यात, जुन्या पातळाच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलेली होती. घरातली ती एकुलती एक तबकडी, आणि तिच्यात त्यांच्या नवऱ्याचा आवाज होता.

त्या आवाजाची गोष्ट सांगितल्याशिवाय गोजराबाईंची गोष्ट सांगताच येणार नाही.

त्या मिठागरातल्या. आई-बाप मिठाच्या पाट्या वाहायचे, त्याही वाहायच्या. परकर-पोलक्याचं वय सरत आलेलं असताना चुलतबहिणीच्या लग्नात मांडवाच्या बांबूला बांधलेल्या भोंग्यातून एक गाणं आलं. 'मिठागरावर चांदनं परलं, ऊठ गो साजने, भरू या रास.' गोजरा हळदीचं ताट हातात धरून तशीच उभी राहिली. ज्या मिठानं आपल्या पायांना भेगा पाडल्या त्याच मिठावर कुणी असं गोड गातंय, याचं तिला आधी नवल वाटलं आणि मग रडूच आलं. भोंगेवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, हा पलीकडच्या गावचा गोटीराम. कलापथकाबरोबर लाँचनं मुंबईला गेला आणि एक गाणं तबकडीत भरून आला. पुढच्याच वर्षी त्या गोटीरामचं स्थळ आलं. मुलगा काळा आहे, घर कुडाचं आहे, असं घरचे कुरकुरत होते. गोजरानं मुलगा बघितलासुद्धा नाही आणि हो म्हणून टाकलं.

आवाजाशी लग्न केलं म्हणून तिचं काही बिघडलं नाही. गोटीराम माणूस म्हणूनही गोड निघाला. रागावला तरी तालात रागवायचा. गावातल्या भजनात, हळदीच्या रात्री तो गायला बसला की बायका मागून टाळ्या द्यायच्या, आणि त्यात गोजराची टाळी हमखास मागं पडायची. सगळ्यांची पडून गेली की एक उरलेली टाळी वाजायची. गोटीराम गाता गाता डोळ्यांनी हसायचा. घरी आल्यावर म्हणायचा, "तुजी टाली म्हंजे शेवटची लाँच. सगली गेली का मंग येते." ती रुसायची. पुढच्या वेळी नीट लक्ष देऊन टाळी वाजवायची, आणि लक्ष दिल्यामुळे आणखीच उशीर व्हायचा.

गाणं भरून घेणाऱ्या कंपनीनं गोटीरामला बिदागीबरोबर त्या गाण्याची एक तबकडी भेट दिली होती. ती त्यानं भोंगेवाल्याला कधी लावू दिली नाही. "त्याची सुई नाय ती, खिला हाय खिला," असं म्हणायचा. गावात ज्यांच्या ज्यांच्याकडे हे गाणं होतं त्यांच्या तबकड्या त्या खिळ्याखाली खरवडून गेल्या, मग कॅसेटी आल्या आणि भोंगे भंगारात गेले. घरतांची तबकडी तेवढी राहिली. दसऱ्याला कोयता, फावडं आणि मीठ ओढायचं दांडकं पूजेला मांडलं की सासू म्हणायची, "त्याचं हत्यार पन आन गो." मग गोजरा तबकडी आणायची, नवऱ्याचं नाव छापलेली बाजू वर करून पाटावर ठेवायची, आणि हळदीचं एक आणि कुंकवाचं एक अशी दोन ओली बोटं कडेपासून मधल्या कागदापर्यंत ओढायची. सासू गेली, फावडं गेलं, मिठागरावर बंदराचे रस्ते आले, पाटावर ट्रेलरांच्या चाव्या आल्या. तबकडीचा मान तसाच राहिला.

मग गोटीरामांचा घसा बसला. बसला तो उठलाच नाही. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गाठ वाईट आहे, आवाजाची पेटीच काढावी लागेल; माणूस वाचेल, आवाज नाही. गोटीराम गोजराबाईंकडे बघत राहिले. नाही म्हण, असंच ते डोळे म्हणत होते, हे त्यांना समोर दिसत होतं. त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "काडा. मना मानूस पायजे."

माणूस वाचला. ऑपरेशननंतर डॉक्टर हसत बाहेर आले तेव्हा गोजराबाईंनी दवाखान्याच्या जिन्यातच फतकल मारली होती, इतकं त्यांना हायसं वाटलं होतं. त्यानंतर गोटीरामांच्या गळ्यावर पांढरं फडकं आलं आणि बोलणं ओठांवर आलं. ते नुसते ओठ हलवायचे आणि गोजराबाई वाचायच्या. लांबून बोलवायचं असेल तर टाळी. एक टाळी म्हणजे 'इकडे ये', दोन म्हणजे चहा. टाळ्यांचा असा संसार सुरू झाला आणि चांगला चालला. पण 'मना मानूस पायजे' हे आपलं वाक्य गोजराबाईंच्या मनातून गेलं नाही. त्याचा पश्चात्ताप नव्हता. फक्त आवाज आपल्या हातानं दिला, एवढं त्या विसरल्या नव्हत्या.

हे सगळं वर काढलं ते मनस्वीनं. ही तेजसची लेक, ऑपरेशननंतर जन्मलेली, म्हणजे तिच्या लेखी आजोबा म्हणजे टाळ्याच. एकदा जेवताना गोजराबाई सहज म्हणाल्या, "तुजं आजोबा गायला लागलं का सगला गाव गप व्हायचा." मनस्वी वरणाचा हात तसाच ठेवून खो खो हसली. "आजी, काहीपण! आजोबांना बोलताच येत नाही." पोरीनं वाईट मनानं म्हटलं नव्हतं. गोटीरामही हसले. पण हसताना त्यांनी गळ्यावरचं फडकं उगाच सारखं केलं, ते गोजराबाईंनी पाहिलं.

ताटं उचलता उचलता त्या तेजसला म्हणाल्या, "तुज्या त्या खोलीत तबकरी वाजंल का?"

तेजस खूष झाला. खूष व्हायला त्याला कारण हवंच होतं. त्यानं मोबाइलवर एक यंत्र काढून दाखवलं. परदेशातलं, काळ्या दगडाच्या बैठकीचं. डोंगरातून कापून आणल्यासारखं. ते बोटीनं यायला कित्येक महिने लागणार होते.

"आई, माझी सिस्टीम कसली भारी हाय, म्हाईत हाय ना? तिला साधंसुधं लावलं तर लोकं हसतील."

"कोन लोकं? दार तर लावून घेतोस," गोजराबाई म्हणाल्या. "आनि आपल्याकरं तबकरी येकच हाय रं. येका तबकरीपायी येवरा दगर कशाला?"

भाविका तोंडात पदर कोंबून हसली. दुसऱ्या दिवशी तिनं खारघरच्या एका दुकानाचा पत्ता शोधला, सासूला गाडीत घातलं आणि नवऱ्याला सांगितलं, "पहिलंच मशीन आहे, परवडणारंच घेणार. तू टेन्शन घेऊ नको आणि फोनही करू नको."

दुकान एका सोसायटीच्या पहिल्या मजल्यावर होतं. बाहेर पाटी नाही, आत चपला काढून जायचं. गोजराबाईंना ते बरं वाटलं. चपला काढायला लावणारी माणसं सहसा फसवत नाहीत, असं त्यांचं मत होतं. मालक अभिराम नावाचा, दाढी राखलेला, हळू बोलणारा माणूस होता. त्यानं आधी चहा मागवला.

गोजराबाईंची नजर आत शिरताच एका लाल यंत्रावर गेली होती. सुटकेससारखं, वर मूठ, आतच स्पीकर, उघडलं की तयार. सगळ्यात स्वस्तही तेच. "ह्यो बरा हाय," त्या म्हणाल्या. "उचलून खालीवर नेता येल."

"दिसायला गोड आहे, मावशी," अभिराम म्हणाला, "पण याचा सुई धरणारा हात जड आहे. याची सुई तबकडीवर भार टाकते आणि तो कमी करता येत नाही. लहान मुलांनी कुठलीही जुनी तबकडी लावून नाचायचं असेल तर हे चालेल. तुमच्याकडे काय आहे?"

"येकच हाय. आनि तसली दुसरी मिलनार नाय."

"मग हे नको," त्यानं ताबडतोब झाकण लावून टाकलं. विकायला ठेवलेल्या वस्तूचं झाकण लावणारा दुकानदार गोजराबाईंनी पहिल्यांदाच पाहिला. त्यांना एकदम भोंगेवाल्याचा खिळा आठवला, आणि लाल रंगावरचं त्यांचं मन उडालं.

मग अभिरामनं एक साधं, सपाट, तपकिरी यंत्र पुढे ओढलं. त्याला ना मूठ ना चमक. तबकडी रबरी पट्ट्यानं फिरते, हाताच्या मागच्या टोकाला गोल वजन आहे, ते मागं-पुढं फिरवलं की सुईचा भार हवा तेवढा हलका होतो, सुई झिजली तर तेवढीच बदलायची. भाविकानं घरच्या सिस्टीमचं नाव सांगितलं तेव्हा त्याच्या भुवया वर गेल्या, पण तो म्हणाला, "तरीसुद्धा सुरुवात याच्यानंच करा. भारी स्पीकर आहेत म्हणून मशीनही तेवढंच भारी पाहिजे असं काही नाही. सरळ फिरलं पाहिजे आणि हात हलका पाहिजे. बाकीचे पैसे तबकड्यांवर घाला."

हलका हात म्हणजे काय, हे गोजराबाईंना समजावून सांगायची गरज नव्हती. हळदीच्या घरी तांदळाच्या पिठीनं चौक रेखायला त्यांनाच बोलवायचे. त्यांनी यंत्राचा हात उचलून बघितला, सोडला. तो अलगद खाली आला. त्यांना यंत्र आवडलं. खरेदी जवळजवळ झालीच होती, पिशवीसुद्धा निघाली होती. तेवढ्यात अभिरामनं भिंग आणलं आणि सुई कशी चालते ते दाखवायला लागला. तबकडीवरच्या बारीक रेघांमधून ही सुई जाते, गाणं त्या रेघांच्या भिंतींवर असतं, रेघेत धुळीचा कण जरी बसला तरी टक् करून वाजतं, आणि काही चिकटून वाळलं असेल तर सुई तिथून उडते.

गोजराबाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"कुकू असलं तर?"

"कुंकू?" अभिरामला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"हलद-कुकू. तबकरीवर. दर दसऱ्याला लावतो आमी."

"कधीपासून?"

"लगीन झाल्यापासना."

भाविकाच्या हातातली पिशवी तशीच राहिली. तीही दर दसऱ्याला त्या पाटासमोर हात जोडत आली होती. तिच्याही डोक्यात हे कधी आलं नव्हतं. अभिराम हसला नाही, याबद्दल गोजराबाईंनी त्याला पुढे कितीतरी वेळा मनातल्या मनात आशीर्वाद दिला. तो खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसला.

"पाण्यात कालवून लावता की तेलात?"

"पान्यान."

"तेलाचं बोट कधी?"

"नाय. तेल कवाच नाय."

"मग आशा आहे," तो म्हणाला. "सगळं जाईल असं मी बघितल्याशिवाय सांगणार नाही. इथे घेऊन या, मी धुऊन देतो."

"देव्हाऱ्यातली वस्तू भाइर जात नाय," गोजराबाई म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता. "तू सांग, मी धुते."

मग त्यानं सांगितलं. कोमट डिस्टिल्ड वॉटर, भांड्यांच्या साबणाचा एकच थेंब, मऊ कापड, रेघांच्या दिशेनं गोल गोल, आडवं कधीच नाही, मधला कागद कोरडा ठेवायचा.

"बॅटरीचं पानी?" गोजराबाईंनी विचारलं. ट्रेलरांच्या घरात ते कॅनच्या कॅन असायचं.

"तेच. फक्त नवीन, सीलबंद घ्या."

परतीच्या वाटेवर उलव्यापर्यंत गोजराबाई उजव्या हाताची दोन बोटं पदरानं चोळत राहिल्या. यंत्राचं खोकं मागच्या सीटवर होतं, भाविकानं त्याला पट्टासुद्धा लावला होता. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्या म्हणाल्या, "येकदा मीच काडा बोल्ली. त्यांचा आवाज. मानूस पायजे होता म्हनून. आता ह्यो उरला होता तो पन मीच घालवला. हलदी-कुकवापायी."

"आई, अजून बघितलंसुद्धा नाही आपण."

"मना ठावं हाय. दोन बोटं बुरवून लावाची मी. चांगली दाबून." आणि त्यांना रडू फुटलं. मागच्या ट्रेलरनं हॉर्न दिला, भाविकानं काच खाली करून त्याला असं काही सुनावलं की सासू रडता रडता थांबून तिच्याकडे बघायला लागली.

घरी आल्यावर दोघींनी गोटीरामांना काही सांगितलं नाही. ते गच्चीत टोपलीतली सुकी मासळी राखत बसले होते. देव्हाऱ्यातून पातळाचा तुकडा काढला, उलगडला. तबकडीच्या एका अंगाला कडेपासून कागदापर्यंत दोन पट्टे होते, एक पिवळा, एक लाल, वर्षानुवर्षं एकाच जागी एकावर एक बसलेले. दर वर्षी नेमकी तीच जागा त्या शोधायच्या, जुन्या खुणेवर नवीन बोट. बाकी तबकडी काळीभोर, जशी आली तशी. तेवढ्यावर तरी देवीची कृपा, असं पुटपुटून गोजराबाईंनी पदर खोचला.

त्यांनी तबकडी धुतली ती तान्ह्या पोराला न्हाऊ घातल्यासारखी. तळहातावर आडवी धरायची, कापडाचं टोक पाण्यात बुडवायचं, पिळायचं आणि गोल फिरवायचं. पाणी पहिल्यांदा पिवळं झालं. हळद सुटत होती. भाविका पाणी बदलत राहिली, गोजराबाई फिरवत राहिल्या. हळद सगळी गेली. कुंकू हट्टी निघालं; पातळ झालं, गुलाबी झालं, पण उजेडात धरलं की एक बारीक रेघ दिसायची. "जोर लावू का?" भाविकानं विचारलं. "नको. जोरानंच तर झालंय सगलं," असं म्हणून त्यांनी तबकडी कोरड्या फडक्यावर सुकत ठेवली आणि तिच्याशेजारीच बसून राहिल्या.

दसरा दोन दिवसांवर होता. तेजसनं यंत्र जोडून ठेवलं. "तपकिरीच आणलंत?" एवढं एकदा म्हणून बघितलं, पण मग गोल वजन फिरवून सुईचा भार लावताना तो इतका रमला की दगडाची बैठक विसरूनच गेला. कुंकवाचं कळल्यावर मात्र तो गंभीर झाला. "आई, सुई उडाली तर मी लगेच उचलीन. मग लावायचं नाय परत. नायतर सगलंच जाईल." गोजराबाईंनी मान हलवली. त्या दोन रात्री त्यांना झोप कसली लागते.

दसऱ्याला सकाळी पाट मांडला. कोयता, ट्रेलरांच्या चाव्या, मनस्वीची पाटी, तेजसचा लॅपटॉप. सगळ्यांना हळदकुंकू लागलं. तबकडीची पाळी आली आणि गोजराबाईंचं बोट वाटीतच थांबलं. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी तिला नुसते हात जोडले. गोटीरामांनी ते बघितलं, ओठ हलवले, "कुकू?" त्या म्हणाल्या, "वर चला, मंग सांगते."

वरच्या खोलीत गोटीराम सहसा यायचे नाहीत. त्यांना कोचावर बसवलं, मनस्वी त्यांच्या मांडीला टेकून बसली. तपकिरी यंत्रावरची तबकडी पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. ते नको नको असा हात हलवायला लागले. त्यांना भोंगेवाल्याचा खिळाच आठवला असणार. गोजराबाई त्यांच्याजवळ जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "हलका हाय हात. मी बगून आनलाय." मग सगळं सांगून टाकलं. दसऱ्याची बोटं, दुकान, बॅटरीचं पाणी, राहिलेली रेघ. "नाय वाजलं तर मना बोला. दुसऱ्या कोनाला नको."

गोटीरामांचा नको म्हणणारा हात मांडीवर आला. तेजसनं यंत्राचा हात उचलला, तबकडीच्या कडेवर आणला आणि सोडला.

आधी नुसती खरखर आली. मग टक्. पुन्हा खरखर, पुन्हा टक्. तेजसचा हात यंत्राजवळ तयार होता. बँजो सुरू झाला, ढोलकी आली, आणि मग त्या दोन काळ्या स्पीकरांच्या मधून, जिथे काहीच नव्हतं तिथून, एक विशीतला पोरगा गायला लागला. 'मिठागरावर चांदनं परलं...'

सुई उडाली नाही. तोच आवाज. हळदीचं ताट हातात घेऊन ऐकलेला, तोच, भोंग्यातल्यापेक्षाही जवळचा. श्वास घेतलेलासुद्धा कळत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. आहे. गेला नाही. आपण घालवला नाही.

फक्त ते टक् काही जाईना. तबकडी एक फेरी घ्यायची की कुंकवाच्या रेघेवर सुई यायची आणि टक्. "आई, परत धुवूया," भाविका हळूच म्हणाली. "अभिरामला विचारते, जाईल ते." तेजसही म्हणाला, "थांब, आता बंद करतो, पुसून परत लावू," आणि त्यानं हात पुढे केला.

गोटीरामांनी झटक्यात हात वर केला. थांब.

ते मान तिरकी करून ऐकत होते. गाणं ऐकत होते की दुसरंच काही, कळत नव्हतं. ढोलकीची थाप पडायची आणि तिच्या जरा मागून ते टक् यायचं. थाप, मग टक्. अगदी थोडं मागं. त्यांनी गोजराबाईंकडे पाहिलं. ओठ हलले.

"टाली कोन देतंय?"

गोजराबाईंना काही उमगेना. गोटीरामांनी यंत्राकडे बोट केलं, मग गोजराबाईंकडे केलं, आणि तळहातावर तळहात मारून दाखवला, थाप पडून गेल्यावर, मागाहून. सगळ्यांची पडून गेल्यावर उरलेली एक टाळी. आणि ते हसायला लागले. आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते आणि गळ्यावरचं फडकं हलत होतं.

"या बाई!" गोजराबाई म्हणाल्या, आणि रडता रडता त्यांनाही हसू आलं. "तितं पन मागंच परली मी!"

भाविकानं धुण्याचा विषय पुन्हा काढला नाही. मनस्वी मात्र स्पीकरकडे आणि आजोबांकडे आळीपाळीनं बघत होती. "आजोबा, हे तुम्ही आहात?" गोटीरामांनी छातीवर हात ठेवून मान डोलावली. तिनं त्यांच्या गळ्यावरच्या फडक्याला हळूच हात लावला, आणि मग आजीकडे वळून म्हणाली, "आणि टाळी तू?"

"मी," गोजराबाई म्हणाल्या.

गाणं संपलं. तेजसनं सुई उचलून ठेवली. गाणी संपली की त्या खोलीत एक जाड शांतता व्हायची, तशी झाली. तेवढ्यात गोटीरामांनी टाळी वाजवली, एकच, स्वच्छ. इकडे ये.

गोजराबाई तर त्यांना खेटूनच बसल्या होत्या.

"हाय ना," त्या म्हणाल्या आणि त्यांचा हात आपल्या हातात घेतला. "इकरंच हाय."